कॅम्पसवर भाजीबाग काढायची आहे? मग नागपूरच्या हिशोबानं सुरुवात करा

दरवर्षी ५ जूनचा पर्यावरण दिन आला की कॅम्पसवर बॅनर लागते, खड्डे आधीच खोदून ठेवलेले असतात, पाहुणे एकेक रोप ठेवतात, फोटो निघतो, चहा-समोसा होतो आणि संपलं. नागपुरात त्या दिवसात पारा चाळीसच्या वर, पावसाचा पत्ता नाही आणि होस्टेल अर्धं रिकामं, त्यामुळे त्या रोपांचं पुढे काय होते ते सगळ्यांनाच माहीत आहे. भाजीबागेचंही तेच होते. लोकं म्हणतात ऊन लागलं, पण माझं मत विचाराल तर इथल्या कॅम्पसवरच्या बागा उन्हापेक्षा सुट्ट्यांनी जास्त मरतात. पाणी टाकणारी पोरं गावाला गेली, तीन-चार दिवस कोणी पाईप सोडला नाही, झालं काम.

खाली जे लिहून राहिलो ते नवीन लोकांसाठी आहे, म्हणजे होस्टेलची पोरंपोरी, डिपार्टमेंटचे सर-मॅडम आणि कॅम्पसच्या भिंतीपलीकडची मंडळी, मग ते विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या कॅम्पसच्या आसपासचे रविनगर-भरतनगरवाले असो की व्हीएनआयटीच्या बाजूचे बजाजनगर-लक्ष्मीनगरवाले. शेतीचं काही येत नसलं तरी चालते, येणारे लोकं आजूबाजूला भरपूर असतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

आधी माणसं, मग कुदळ

विद्यापीठाचं कॅलेंडर आणि शेतीचं कॅलेंडर यांचं काही जमत नाही. हिवाळी परीक्षा येते ऐन मेथी-पालकाच्या दिवसात, दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा टमाटरची रोपं नुकतीच जमिनीत गेलेली असतात आणि उन्हाळी परीक्षा संपली की कॅम्पस ओस. तर पहिलं काम हे की ज्यांना सुट्ट्या नसतात असे लोकं गाठायचे. सकाळी फिरायला येणारे रिटायर्ड काका-काकू, यातल्या कितीतरी जणांचं लहानपण वावरात गेलेलं असते, नोकरीपायी शहरात राहिले आणि आता हात शिवशिवत असतात. मग गेटवरचे सिक्युरिटीवाले दादा, मेसच्या काकू, आणि सगळ्यात महत्त्वाचे कॅम्पसचे माळीकाका. माळीकाकांना न विचारता जागा ठरवली तर पाण्याचा व्हॉल्व कुठे आहे तेच तुम्हाला कळणार नाही. पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे जा, "काका, या जागेत काय येते?" एवढं विचारा आणि मग मधे न बोलता ऐकत राहा, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कुठे खालून मुरूम लागते, कोणत्या भिंतीकडून गायी शिरतात हे सगळं त्यांना पाठ असते.

सुरुवातीला दहा-बारा जण पुरे. त्यात निदान चार-पाच तरी कॅम्पसबाहेरचे किंवा स्टाफचे पाहिजेत आणि विद्यार्थ्यांमधे सगळेच फायनल इयरचे नको, कारण ते पुढच्या वर्षी पुण्याला निघून जातात आणि बागेचं सगळं ज्ञान त्यांच्यासोबत जाते. पाणी द्यायची पाळी दोघादोघांची लावा, एक होस्टेलचा आणि एक बाहेरचा. ग्रुप काढायचाच असेल तर काढा, नाहीतरी निघतोच, पण त्यात गुड मॉर्निंग बंद, पाणी टाकलं की एक फोटो टाकायचा एवढाच नियम. आणि एक साधी दोनशे पानी वही बागेत ठेवा, ती का ते पुढे सांगतो.

एनएसएसचं युनिट असेल तर त्याला धरा. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे आणि तिच्यात विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करायचं असते, ते तास बागेत भरले तर पोरांचंही भागते आणि तुम्हालाही हात मिळतात. फक्त कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी सांगून ठेवा की हे एका रविवारच्या श्रमदानाचं काम नाही, आठवड्याला दोन-दोन तास पाहिजेत. एका रविवारी चाळीस पोरं आली तर फायद्यापेक्षा तुडवातुडव जास्त होते.

जागा पाहताना

दिवसाला सहा तास ऊन, पाईप पोचेल एवढ्या अंतरावर नळ, आणि जाता-येता लोकांच्या नजरेत पडेल अशी जागा. तिसरी अट लोकं सोडून देतात आणि मग बिल्डिंगच्या मागे कुठेतरी बाग काढतात जिथे कोणी फिरकत नाही. मेसच्या किंवा लायब्ररीच्या रस्त्यावर असली की दिवसातून शंभर लोकं पाहतात, सुकलेलं दिसलं तर कोणीतरी बोलते.

कुठे काढायची नाही तेही पाहून घ्या. नाल्याच्या काठाला नाही, आणि नाल्याचं पाणी तर पालेभाजीला अजिबात नाही, कितीही हिरवंगार येत असलं तरी. केमिस्ट्री लॅबच्या किंवा वर्कशॉपच्या मागे नाही. जिथे जुन्या बांधकामाचा मलबा टाकला आहे तिथे खोदत बसू नका, त्यापेक्षा विटा लावून दीड फूट उंच वाफा करा आणि बाहेरून माती आणा. मोठ्या झाडाखाली सावलीही पडते आणि त्याच्या मुळ्या तुमचं खत-पाणी ओढून घेतात. आणि झाड मधे येते म्हणून फांद्या छाटायचा विचार मनात आला तर थांबा, शहरी भागात झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, मनपाच्या उद्यान विभागाच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही.

भिंतीबाहेर जागा पाहायची असेल तर प्रत्येक लेआउटमधे ओपन स्पेस नाहीतर पीयू लँड, म्हणजे सार्वजनिक वापराची जागा असतेच, कुठे ती मनपाची, कुठे नासुप्रची, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासची. ती कोणाच्या ताब्यात आहे हे लेआउटच्या सोसायटीला किंवा नगरसेवकाच्या ऑफिसला विचारून घ्या. तिथे आधीच पोरं क्रिकेट खेळत असतील तर पूर्ण जागा घ्यायच्या भानगडीत पडू नका, एका कडेला दोन वाफे काढा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात बॉल आणि टमाटर यांच्यावरून भांडण.

पहिल्या वर्षी चार वाफे, बस. उत्साहात आख्खं मैदान खोदणाऱ्यांचं जानेवारीत गाजरगवत झालेलं असते.

कागदाचं काम

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. साधा एक पानाचा अर्ज, विद्यापीठात असाल तर कुलसचिवांच्या नावे आणि प्रत इस्टेट विभागाला, विभागप्रमुखांच्या सहीनं. त्यात लिहायचं काय तर जागा कुठे आणि किती फूट बाय किती फूट, पाणी कुठून घेणार, जबाबदार शिक्षक कोण, पक्कं बांधकाम करणार नाही, झाड तोडणार नाही, आणि विद्यापीठाला जागा लागली तर हातचं पीक निघाल्यावर सोडून देऊ. हे शेवटचं वाक्य नक्की टाका, अर्धे अर्ज त्याच भीतीनं अडकतात. जागेचा हातानं काढलेला नकाशा जोडा. अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या आणि पोच सांभाळून ठेवा, कारण सहा महिन्यांनी साहेब बदलतात आणि नवीन साहेब विचारतात की हे कोणी सांगितलं करायला.

परवानगी तोंडी मिळाली म्हणून कुदळ मारू नका एवढंच.

माती, इथे जरा वेळ द्या

नागपूर दोन प्रकारच्या दगडांवर बसलं आहे, पश्चिमेकडे बेसाल्ट आणि पूर्वेकडे जुना रूपांतरित खडक, त्यामुळे अमरावती रोडकडची माती बहुतेक काळी चिकण, आणि काही ठिकाणी हातभर खाली लगेच मुरूम. देशभरच्या मातीचे नकाशे बनवणारं केंद्र सरकारचं मृदा सर्वेक्षण ब्युरो आपल्याच अमरावती रोडवर आहे आणि आपण त्याच्यासमोरून रोज गाडीवर जातो, पण आपल्या पायाखाली कोणती माती आहे ते पाहत नाही.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मे महिन्यात पेन्सिल आत सरळ जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना तिच्यात पाय टाकला की चप्पल तिथेच राहते आणि तुम्ही पुढे, आणि वाळली की तिला टिकास लागते. काम करायचं ते या दोन्हीच्या मधल्या वेळेत, ज्याला आपले शेतकरी वाफसा म्हणतात. वाफसा आला का हे पाहायचं असेल तर चार बोटं खालची माती मुठीत घेऊन दाबा, गोळा झाला पाहिजे, मग त्याला अंगठ्यानं टोचा, भुसभुशीत होऊन फुटला तर आज खोदा, अंगठ्याचा नुसता ठसा उमटला तर घरी जा, दोन दिवसांनी या. ओल्यात खोदलं की जी ढेकळं बनतात ती वाळल्यावर फुटता फुटत नाहीत आणि तो सीझन गेला समजा. पोरांना हे पटत नाही कारण रविवार ठरलेला असतो, पण माती रविवार पाहत नाही.

काळ्या मातीत रेती टाका असा सल्ला कोणी ना कोणी देतेच, ऐकू नका, थोड्याफार रेतीनं ती उलट जास्त घट्ट बसते. तिला खत पाहिजे, कुजलेलं आणि भरपूर. तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब वाफ्याला दोन इंचाचा थर द्यायचा म्हणजे दहा-बारा घमेली लागतात, शेणखत असो नाहीतर कंपोस्ट. तीन फूटच का तर दोन्ही बाजूंनी हात मधे पोचला पाहिजे, वाफ्यात कोणी पाय देता कामा नये. उंची अर्धा-पाऊण फूट, म्हणजे गादी वाफा, कारण सपाट वाफ्यात पावसाचं पाणी साचून मुळं सडतात. दोन वाफ्यांमधे दोन फूट रस्ता सोडा, घमेलं घेऊन माणूस गेला पाहिजे.

माती तपासून घ्या, फार काही लागत नाही. वाफे करायच्या जागेत नागमोडी चालत सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करायचा, कडेची माती खरवडून घ्यायची, सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून कापडी पिशवीत. झाडाखालची किंवा खताच्या ढिगाजवळची घेऊ नका. कृषी विभागाच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत देता येते, आणि महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय तर १९०६ पासूनचं आहे, तिथल्या मृदाशास्त्र विभागात विचारून पाहा. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच) आणि सेंद्रिय कर्ब धरून बारा गोष्टी येतात. आपल्याकडे सामू साडेसातच्या वर निघाला तर घाबरू नका, चुनखडीची माती आहे, अशीच येते. फक्त अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, नवीन पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पोरं याला पाण्याची कमी समजून अजून पाणी देतात आणि दुखणं वाढते. संध्याकाळी फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम फवारलं की फरक दिसतो.

खत कॅम्पसवरच पडलेलं आहे

फेब्रुवारी-मार्चमधे कॅम्पसवर एवढा पालापाचोळा पडतो की झाडणाऱ्या बाया थकून जातात आणि मग कुठेतरी काडी लावली जाते. तो जाळू देऊ नका, एक तर जाळायला बंदी आहे आणि दुसरं म्हणजे तेच तुमचं पुढच्या वर्षीचं खत आहे. झाडणाऱ्या मावशींना विचारा कुठे टाकायला सोपं पडेल आणि तिथेच जाळीचं गोल कुंपण करून द्या, तीन-चार फूट रुंद, तेवढंच उंच. त्यांना लांब चालायला लावलं तर ते काम चारच दिवस टिकेल.

तीन घमेली वाळला पाला आणि एक घमेलं ओलं, म्हणजे मेसमधली भाजीची सालं-देठं, टपरीवरची चहापत्ती, कापलेलं गवत, वरून शेणाचा पातळ काला. शिजलेलं तेलाचं अन्न टाकायचं नाही, उंदीर आणि कुत्रे दोन्ही येतात. ओलावा पिळून काढलेल्या टॉवेलइतका. पंधरा दिवसाला एकदा फावड्यानं खालीवर करा, तीन-चार महिन्यात खत तयार. निलगिरीचा आणि अशोकाचा पाला लवकर कुजत नाही, तो वेगळा ठेवून वाफ्यांवर आच्छादनाला वापरा. सागाची मोठी पानं चुरून टाका.

गांडूळखताची सगळ्यांना घाई असते. गांडुळं नागपूरच्या उन्हात मरतात, पक्की सावली आणि रोज पाणी शिंपडणारा माणूस असेल तरच त्यात पडा, पहिल्या वर्षी तर नाहीच. जीवामृत मात्र सोपं आहे, ज्यांनी ते देशभर नेलं ते सुभाष पाळेकर आपल्या अमरावती जिल्ह्याचेच. २०० लिटरचा ड्रम, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन, झाडाखालची मूठभर माती, सावलीत ठेवून रोज काठीनं ढवळायचं आणि आठवड्याच्या आत वापरून टाकायचं. चार वाफ्यांना एवढं लागत नाही, वीस लिटरची बादली घेऊन सगळं दहाव्या हिश्शानं करा.

लावायचं काय आणि केव्हा

माझं स्पष्ट मत आहे, नवीन लोकांनी जूनमधे सुरुवात करू नये. पावसाळ्यात तण तुमच्यापेक्षा वेगानं वाढते, वाफसा मिळत नाही, आणि पहिल्याच झटक्यात लोकं कंटाळतात. पोळा-मारबत आटोपली की वाफे तयार करायला घ्या आणि सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर पेरा. नागपूरचा हिवाळा भाजीला एक नंबर आहे, रोग कमी, पाणी कमी आणि सकाळी काम करायलाही बरं वाटते.

पहिल्या खेपेला मेथी, पालक, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि मुळा. मेथी पंचवीस-तीस दिवसात ताटात येते, म्हणजे लोकांचा उत्साह संपायच्या आत. बियाणं विकत आणायचीही गरज नाही, घरच्या डब्यातली मेथी मस्त उगवते. धने मात्र जुने नको, आणि पेरायच्या आधी चपलेच्या तळव्यानं हलके रगडून दोन फाका करा, मग रात्रभर भिजवून पेरा. अख्खे पेरले तर उशिरा आणि विरळ उगवतात. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही, त्यात कोणीतरी "येऊन नाही राहिलं" म्हणून खुरपून टाकते, तेव्हा पाटी लावा. पालक महिन्याभरात पहिल्यांदा कापा, जमिनीपासून दोन बोटं वर, उपटू नका, पंधरा-वीस दिवसात परत येतो.

चारही वाफ्यात एकाच दिवशी पेरू नका. दहा-दहा दिवसांनी एकेक वाफा पेरला की भाजी एकदम अंगावर येत नाही आणि हिवाळी परीक्षेच्या आठवड्यात काढणी आली असं होत नाही. आधी परीक्षेचं टाइमटेबल घ्या, त्यातून उलटे दिवस मोजा. तरी जानेवारीत सांबार इतका होतेच की काय करावं सुचत नाही, तेव्हा मेसच्या काकूंना पटवा आणि एका रविवारी सांबारवडीचा बेत करा, बागेसाठी नवीन माणसं याच दिवशी मिळतात.

टमाटर, वांगी, मिरची, फुलकोबी यांची रोपं आधी ट्रेमधे करावी लागतात, टमाटरला तीन-साडेतीन आठवडे, वांग्याला महिनाभर. पहिल्या वर्षी नर्सरीतून तयार रोपं आणा, काही कमीपणा नाही. रोप घेताना उंच लांबुडकं घेऊ नका, बुटकं आणि जाड देठाचं घ्या, आणि दुपारी कधीच लावू नका, संध्याकाळी लावा. आधाराला बाजारातल्या काठ्या कशाला, कॅम्पसवर गावाकडून येणारं कोणीतरी असतेच, त्यांना तुरीच्या तुराट्या नाहीतर कपाशीच्या पऱ्हाट्या आणायला सांगा. मिरची लावणारच असाल तर भिवापुरी शोधा, आपल्याच जिल्ह्याची आहे, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली. लसणाच्या पाकळ्या वाफ्याच्या कडेनं ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे खोचून द्या आणि चार-पाच महिने विसरून जा.

फेब्रुवारी-मार्चमधे विदर्भात गारपीट होते, त्यामुळे टमाटर लाल व्हायची वाट पाहत बसू नका, रंग धरला की तोडून घ्या, टोपलीत पिकतात.

पावसाळ्यात, म्हणजे दुसऱ्या वर्षी, भेंडी, बरबटी, दोडके, ढेमसं, अंबाडी. भेंडीला केवडा, म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग, लवकर लागतो, म्हणून परभणी क्रांतीसारखं तग धरणारं वाण घ्या. भेंडी पंचेचाळीस-पन्नास दिवसात सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते, दोन दिवस राहिली की दोरा. आणि तण काढताना जरा पाहून, कोवळा तरोटा, चिवळ, घोळ ही भाजी आहे, बागेतल्या काकू ओळखतात, त्यांना आधी वेचू द्या. ओळख पक्की नसेल तर मात्र खायच्या भानगडीत पडू नका.

पाणी

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, एवढा एक हिशोब डोक्यात ठेवला की झालं. कडक उन्हाळ्यात दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी उडते, म्हणजे आपल्या तीन बाय दहाच्या वाफ्याला वीसेक लिटर, दहा लिटरच्या दोन बादल्या. हिवाळ्यात त्याच्या निम्मं पुरते, आणि काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून रोज द्यायचीही गरज नाही. बोट खुपसून पाहा, दोन पेरं खाली ओल लागली तर आज सुट्टी. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी पोटभर दिलेलं बरं.

आपल्याकडे नळाला येणारं पेंच-कन्हानचं पाणी चांगलं असते. बोअरचं बहुतेक जड. होस्टेलच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बागेला द्यायची आयडिया दर वर्षी कोणाला तरी येते, ते आणि कूलरच्या टाकीत खाली उरलेलं पाणी, दोन्हीत क्षार साचलेले असतात, काळ्या मातीला ते रोज दिलं तर माती दगड होते. एसीचं पाणी चालते. आणि पाण्याचा ड्रम उघडा ठेवू नका, झाकण नाहीतर कापड बांधा आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासा, डेंग्यूची तक्रार आली की पहिल्यांदा बागच बंद होते.

किडे, गायी, मोर आणि आपले लोकं

किडीला औषध आणायच्या आधी सकाळी पानं उलटी करून पाहा. मावा असेल तर नुसत्या पाण्याच्या जोरानं पडतो. पिवळा डबा घेऊन त्याला एरंडीचं तेल फासून वाफ्यात टांगला की पांढरी माशी चिकटते. बाकी सगळ्याला निंबोळी अर्क. कॅम्पसवर कडुनिंब भरपूर आहेत, जून-जुलैमधे निंबोळ्या वेचून वाळवून ठेवा, लिटरला ५० ग्रॅम या हिशोबानं कुटून रात्रभर भिजवायच्या, सकाळी कापडातून गाळून थोडी साबणाची पूड टाकायची आणि संध्याकाळी फवारायचं. तयार केला त्याच दिवशी संपवा. मिरचीचा चुरडामुरडा झाला, पानं आखडून वाटीसारखी झाली की ते झाड उपटून दूर टाका, जीव लावू नका. पाकिटातलं गुलाबी-निळं बियाणं औषध लावलेलं असते, हात धुवा.

गायींसाठी काटेरी फांद्यांचं कुंपण पुरते. मोरांना काही उपाय नाही, उगवत्या रोपांवर जाळी टाका आणि फोटो काढा. पावसाळ्यात संध्याकाळनंतर बागेत टॉर्चशिवाय जायचं नाही आणि पाल्याच्या ढिगात उघडा हात घालायचा नाही, साप असतात, ही गोष्ट पोरांना पहिल्या दिवशी सांगा.

राहिली माणसं. रात्रीतून टमाटर जातात, आणि जातीलच. कुलूप लावून उपयोग नाही, उलट कडेला एक वाफा सगळ्यांसाठी म्हणून पाटी लावून सोडा, त्यात मेथी-पालक लावा, तोडणारे बहुतेक तिथेच तोडतात. बाकीच्या भाजीसाठी शनिवार सकाळ ठरवा, त्याच वेळी काढणी आणि तिथेच वाटप. इथे ती वही कामी येते, कोण किती वेळा आलं, कोणत्या वाफ्यात काय कधी पेरलं, पैसे कोणी किती दिले, सगळं त्यात. जास्त आला त्याला जास्त असं वजन करत बसू नका, जो त्या दिवशी हजर तो वाट्याला, आणि माळीकाका, सिक्युरिटीवाले, झाडणाऱ्या मावशी यांचा वाटा हजर असो-नसो आधी बाजूला काढायचा. विकायच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका, पैसा आला की हिशोब आला आणि हिशोब आला की दोन गट.

आता उन्हाळा

बागा जिथे मरतात तो महिना हाच. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसच्या वर जाते, २३ मे २०१३ ला तर ४७.९ झालं होतं, आणि २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. चार माणसं कॅम्पसवर उरलेली असताना पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी टाकून भाजी जगवायची हौस कशाला, पहिल्या वर्षी तर अजिबात नको. त्यापेक्षा उन्हालाच कामाला लावा. एप्रिलमधे शेवटची भाजी काढली की वाफे सपाट करून भरपूर पाणी द्या आणि वर प्लास्टिकची पारदर्शक पन्नी ताणून अंथरा, काळी नाही, कडा मातीनं नीट दाबून टाका, कुठूनही हवा जायला नको. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. आत माती इतकी तापते की तणाचं बी आणि बुरशी बरीचशी मरते, पाणी रोज द्यावं लागत नाही, पोरं निवांत परीक्षा देऊन गावी जाऊ शकतात. पन्नी फाटली का हे आठवड्यातून एकदा फिरायला येणाऱ्या काकांनी पाहिलं तरी पुरे.

बागेच्या कडेला शेवगा, कढीपत्ता, लिंबू लावलं असेल तर तेवढ्यांना जगवायचं आहे. प्रत्येकाच्या बुडाशी एक मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण, ते झिरपत राहते आणि चार-पाच दिवसाला एकदा भरलं की झालं. मागच्या वर्षीचा जुना माठ वापरायचा मोह होतो, पण ज्याच्यात पाणी थंड व्हायचं बंद झालं त्याची छिद्रं बुजलेली असतात, तो झिरपतही नाही, मडकं नवीनच घ्या. भोवती पाल्याचा चार बोटं थर टाका आणि बुंध्यापासून थोडा दूर ठेवा, नाहीतर वाळवी चढते.

मृगाचा पहिला चांगला पाऊस यायच्या आधी पन्नी काढून, धुवून, गुंडाळून ठेवा, दोन-तीन वर्षं चालते. त्यानंतर माती खोल खोदू नका, खालचं तणाचं बी वर येते. वही, नळाची चावी आणि अर्जाची पोच हे तिन्ही अशा माणसाकडे द्या जो पुढचं वर्षभर नागपुरातच आहे. जुलैमधे नवीन ॲडमिशनवाली पोरं आली की होस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लावा, शनिवारी सकाळी ७ वाजता, मेसच्या रस्त्यावरच्या वाफ्यांजवळ, खुरपं आमच्याकडे आहे, चप्पल जुनी घालून या.